जुनी गाडी, नवा हिशेब

वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली आणि नव्या लहान मोटारी स्वस्त झाल्याच्या बातम्या सर्वत्र गाजल्या. या फेररचनेचा जुन्या मोटारींच्या बाजारावर जो परिणाम होणे अटळ होते, त्याची चर्चा मात्र तितकीशी झाली नाही. नवी गाडी स्वस्त झाली की तिच्या जुन्या भावंडाचा भावही खाली यायला हवा, हा साधा व्यवहार आहे. प्रत्यक्षात तो सर्व गाड्यांना सारखा लागू होत नाही. सहा-सात माणसांच्या कुटुंबासाठी जुनी गाडी शोधणाऱ्याने हा फरक समजून घेतला नाही, तर स्वस्त म्हणून घेतलेली गाडी महाग पडण्याचीच शक्यता अधिक.

अशी कुटुंबे केवळ महानगरांत राहतात असे नाही. रामटेकचेच उदाहरण घेता येईल. नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या. एसटी आहे, पण रात्री-अपरात्री आजारी माणसाला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचे तर तिचा उपयोग नाही. आजी-आजोबा, मुले, नातवंडे असे घर एकत्र निघाले की पाच आसनांची मोटार अपुरी पडते आणि दोन गाड्या परवडत नाहीत. नोकरीनिमित्त नागपुरात स्थिरावलेल्या आणि सणावाराला, रामनवमीला किंवा त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला सहकुटुंब गावी येणाऱ्यांचीही गरज हीच. नवी सात आसनी गाडी आवाक्याबाहेर असते. मग पाच-सात वर्षे जुन्या गाडीचा शोध सुरू होतो. त्या शोधात पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती कंपनी घ्यावी’ हा असतो. वास्तविक तो शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे.

करकपातीचे गणित

नव्या रचनेत चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० घन सेंटिमीटरपर्यंत क्षमतेचे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन असलेल्या मोटारींवर १८ टक्के कर आहे. डिझेलसाठी हीच मर्यादा १५०० घन सेंटिमीटरची आहे. यापेक्षा मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर लागतो. मारुती ईको आणि रेनॉ ट्रायबर या दोन्ही गाड्या लहान गटात मोडतात. त्यांच्यावर पूर्वी उपकरासह २९ टक्के कर होता. तो १८ टक्क्यांवर आल्याने करासहित किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी कमी व्हायला हवी. म्हणजे सहा लाखांच्या गाडीमागे सुमारे ५१ हजार रुपये. एर्टिगा मात्र चार मीटरपेक्षा लांब आणि तिचे इंजिन १४६२ घन सेंटिमीटरचे. तिच्यावरचा एकूण भार ४५ टक्क्यांवरून ४० वर आला. त्यातून होणारी घट जेमतेम साडेतीन टक्क्यांची.

याचा अर्थ स्पष्ट आहे. दोन-तीन वर्षे वापरलेल्या ईको किंवा ट्रायबरसाठी विक्रेता करकपातीपूर्वीच्या किमतीचा दाखला देऊन भाव सांगत असेल, तर तो भाव मान्य करण्याचे कारण नाही. अशा वेळी नव्या गाडीचा हप्ता आणि जुन्या गाडीवरील कर्जाचा हप्ता समोरासमोर मांडून पाहावेत. जुन्या वाहनाच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः अधिक असतो आणि मुदत कमी. त्यामुळे लहान व्हॅनच्या बाबतीत नवी गाडीच सोयीची ठरणे अशक्य नाही. एर्टिगा, कॅरेन्स किंवा इनोव्हा या वर्गात नव्या-जुन्यातील दरी अद्याप मोठी आहे आणि जुनी गाडी घेण्यातला खरा लाभ तिथेच आहे.

दुसरा बदल व्यापाऱ्यांशी संबंधित. जुन्या वाहनांच्या विक्रीवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला पडणारा कर जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. तो पूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. चार लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली, तर पन्नास हजारांवर नऊ हजार रुपये कर. ‘जीएसटी वाढला म्हणून किंमत ऐंशी हजारांनी वाढली’ असे कोणी सांगू लागले, तर ते गणित चुकीचे आहे. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला हा कर लागू नाही.

गाडीने काम कोणते केले?

जुन्या गाडीची विश्वासार्हता तिच्या बोधचिन्हावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती कोणत्या कामाला जुंपली गेली होती यावर असते. सात आसनी गाड्यांच्या बाबतीत हे विशेष खरे, कारण या वर्गातील गाड्या मोठ्या प्रमाणावर भाड्याने धावतात. पर्यटक टॅक्सी, कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण, शाळेची व्हॅन, लग्नसराईतील फेऱ्या, पेंचच्या सिल्लारी किंवा खुर्सापार प्रवेशद्वारापर्यंत पर्यटकांची वाहतूक अशी कामे या गाड्यांनी केलेली असतात. एर्टिगाची तर ‘टूर एम’ या नावाने खास टॅक्सीसाठीची आवृत्ती २०१९ पासून बाजारात आली. परवाना रद्द करून पिवळ्या पाटीची पांढरी पाटी करणे कायदेशीर आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ही गोष्ट खरेदीदारापासून दडवणे.

ती शोधण्याचे मार्ग आहेत. परिवहन खात्याच्या ‘एमपरिवहन’ अॅपवर वाहन क्रमांक टाकला की वाहनाचा वर्ग, नोंदणीची तारीख, योग्यता प्रमाणपत्राची मुदत, विम्याची मुदत आणि मालक कितवा आहे हे समजते. कर्जाचा बोजा आहे की नाही, तेही कळते. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी मालकाकडून मागून घ्याव्यात, कारण प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटरचा आकडा तेथे लिहिला जातो. शेवटच्या नोंदीतील आकडा काट्यावरील आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर व्यवहार तेथेच संपतो. काटा डिजिटल असला म्हणून तो मागे फिरवता येत नाही, हा समज खोटा आहे. त्याउलट ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगचे आवरण, चालकाच्या आसनाची बसलेली कड आणि मधल्या रांगेतील आसनांची झीज यांना खोटे बोलता येत नाही. ‘चाळीस हजार’ चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असण्याचे काही कारण नाही.

परराज्यातील गाड्यांचा प्रश्न वेगळा. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी कायम केली. २०२५ मध्ये या प्रश्नावर पुन्हा न्यायालयीन घडामोडी झाल्या. या अनिश्चिततेमुळे ‘दिल्ली पासिंग’च्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. महाराष्ट्रात अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, येथील एकरकमी कर आणि नवा क्रमांक हे तिन्ही आवश्यक ठरते. रामटेकच्या रहिवाशाला ही गाडी नागपूर ग्रामीण कार्यालयाच्या, म्हणजे एमएच ४० च्या नोंदवहीत आणावी लागेल. हा खर्च आणि हेलपाटे किमतीत मिळवले की स्वस्ताई बरीचशी विरून जाते.

सालाचे महत्त्व

मॉडेलआधी पाहायचे ते उत्पादनाचे साल. सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्याने आल्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्या सुरक्षेच्या दृष्टीने अगदी भिन्न असू शकतात. एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सर्व मोटारींना सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना देणारी घंटी आणि मागे घेताना इशारा देणारे सेन्सर आले. शेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग जानेवारी २०२२ पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत आहे. या शेवटच्या तारखेनंतरची गाडी मिळत असेल, तर थोडे अधिक पैसे मोजणे शहाणपणाचे.

या तारखांची किंमत काय, हे धडक चाचण्यांतून दिसते. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१६ मधील चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले. नाशिकला बनलेल्या महिंद्र मराझोला २०१८ मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार, एर्टिगाला २०१९ मध्ये तीन आणि ट्रायबरला २०२१ मध्ये चार तारे मिळाले. चाचणीचे निकष २०२२ पासून कडक झाले आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात एर्टिगा एका ताऱ्यावर आली. तारे मोजताना चाचणीचे सालही पाहावे लागते, हा यातला धडा.

या कसोटीवर मारुती ओम्नी बाद ठरते. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या या गाडीने दोन पिढ्यांची सेवा केली. शाळा, रुग्णवाहिका, किराणा, वरात असे कोणतेही काम तिने नाकारले नाही. मात्र पुढील आसनाखाली इंजिन आणि चालकाच्या गुडघ्यांपुढे केवळ पत्रा, ही रचना नव्या धडक नियमांत बसणारी नव्हती आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. चाळीस-पन्नास हजारांत मिळते म्हणून ती आज राष्ट्रीय महामार्गावर कुटुंबासह चालवणे समर्थनीय नाही.

कोणती गाडी कोणासाठी?

इतके झाल्यावर मॉडेलचा प्रश्न सोपा होतो. गावात आणि नागपूरपर्यंतच फिरणे, खर्च मर्यादित आणि माणसे पाच-सहा असतील तर २०२२ नंतरची ईको पुरेशी आहे. तिची यंत्रणा साधी आणि सुटे भाग सर्वत्र मिळणारे. मात्र आराम बेताचा आहे आणि वातानुकूलन नसलेली आवृत्ती विदर्भाच्या उन्हाळ्यात घेणे म्हणजे ज्येष्ठांना शिक्षा करणे होय. ट्रायबरची तिसरी रांग काढून ठेवता येते. लहान मुलांच्या कुटुंबाला ती सोयीची. तिचे ९९९ घन सेंटिमीटरचे इंजिन सात माणसे आणि सामान घेऊन चढावर दमते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

सर्वसाधारण कुटुंबासाठी एर्टिगा ही जुन्या बाजारातील सर्वांत समतोल निवड ठरते. २०१२ ते २०१८ ही तिची पहिली पिढी. नोव्हेंबर २०१८ नंतरची दुसरी पिढी अधिक प्रशस्त. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने मे २०१८ ते ऑक्टोबर २०२० या काळातील पेट्रोल गाड्या, अन्य मॉडेल धरून सुमारे १ लाख ८१ हजार, एका विद्युत भागाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्या काळातील एर्टिगा घेताना हे काम झाले आहे की नाही, हे चासी क्रमांकावरून सेवा केंद्रात विचारता येते.

इनोव्हाची कीर्ती २००५ पासूनची. लाखो किलोमीटर धावणारी म्हणून तिला मागणी आहे आणि नेमकी त्याच कारणाने तिचा काटा फिरवण्याचा मोहही सर्वाधिक. खऱ्या नोंदींसह दीड लाख किलोमीटर चाललेली इनोव्हा ही ‘साठ हजार’ चाललेल्या, नोंदी नसलेल्या इनोव्हापेक्षा चांगली. शेव्हरोले टवेरा आणि एन्जॉय, डॅटसन गो प्लस, होंडा मोबिलिओ, रेनॉ लॉजी या गाड्या कमी किमतीत दिसतात. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि डॅटसन हे नाव २०२२ मध्ये येथून गेले. ज्या गाडीचा हेडलाइट किंवा दरवाजाचे कुलूप मिळवायला महिना लागेल, ती घरातील एकमेव गाडी असू नये.

पाहणीच्या वेळी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून समाधान मानू नये. रामटेककरांना गडाचा चढ हाताशी आहे. वातानुकूलन सुरू ठेवून, सर्व आसने भरून गाडी एकदा गडावर न्यावी. क्लच घसरतो का, तापमानाचा काटा चढतो का, मागच्या रांगेपर्यंत गारवा पोचतो का आणि उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे दहा मिनिटांत कळते. टायरवरील चार आकडी खूणही वाचावी. ‘३२२१’ याचा अर्थ २०२१ सालातील बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने झालेले रबर उन्हात आणि वेगात दगा देते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत शिर्डी गाठायची असेल, तर नव्या टायरची किंमत आधीच सौद्यात धरलेली बरी.

इंधनाचा विचारही स्थानिक असावा. सीएनजी स्वस्त हे समीकरण मुंबई-पुण्याचे. नागपुरात हा वायू उशिरा आला आणि २०२२ मध्ये त्याचा दर किलोला १२० रुपयांवर गेला होता. कंपनीने बसवलेली टाकी असली तरी तिची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हे पाहणे आवश्यक. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असल्यास २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचाही विचार करावा लागतो. जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधनक्षमता या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते. इंधन नळ्या आणि रबरी भाग मेकॅनिककडून तपासून घेणे इष्ट.

नाव कोणाचे?

गाडी चांगली निघाली तरी व्यवहार अर्धवट राहू शकतो. पैसे दिले, किल्ली घेतली आणि नावावर करण्याचे काम ‘नंतर बघू’ म्हणून ठेवले, हा प्रकार सर्रास आढळतो. मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक विकली गेली होती. दायित्व मात्र पहिल्या, नोंदणीकृत मालकावरच आले. हा निकाल विक्रेत्यांनी घरात लावून ठेवण्यासारखा आहे.

खरेदीदाराचा धोका विम्याचा. तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर विमा चौदा दिवसांत नावावर करून घेणे आवश्यक. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाकडेच राहतो. यात्रेच्या दिवसांत मनसर-रामटेक मार्गावर दोन पैसे सुटतील म्हणून खासगी पाटीच्या गाडीत भाड्याचे प्रवासी बसवणाऱ्यांनी हेही जाणावे, की असा वापर परवान्याविना बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला नकाराचे कारण आयते मिळते.

जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये केलेले आणि एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम या गोंधळावरचा उपाय म्हणून आले. परिवहन कार्यालयाकडून अधिकृत ठरलेला व्यापारी गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करतो आणि ती विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याची राहते. हे खाते ज्यांच्याकडे आहे ते नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. त्यांच्या शहरात आणि जिल्ह्यात तरी ग्राहकाने व्यापाऱ्याला ‘अधिकृततेचे प्रमाणपत्र दाखवा’ असे विचारण्याची सवय लागायला हवी.

नोंद आहे, पण दिसत नाही

या साऱ्या चर्चेतून एक विसंगती समोर येते. वाहनाचा मालक, कर, विमा, दंड, कर्ज यांची माहिती सरकारने एका ठिकाणी आणली. ज्यावर गाडीचा भाव आणि कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते त्या दोनच गोष्टी, म्हणजे ती खरोखर किती किलोमीटर धावली आणि तिला किती मोठा अपघात झाला, या नोंदवहीत सामान्य माणसाला दिसत नाहीत. ही माहिती अस्तित्वात नाही असेही नाही. किलोमीटर सेवा केंद्रांकडे आहेत, अपघातांचे दावे विमा कंपन्यांकडे. ब्रिटनमध्ये वाहनाच्या वार्षिक तपासणीतील किलोमीटरचा इतिहास कोणालाही क्रमांक टाकून पाहता येतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी मोटार विकताना ‘कार-पास’ हा नोंदींचा दाखला देणे बंधनकारक आहे. भारतात दरवर्षी विम्याचे नूतनीकरण होते, ठरावीक काळाने प्रदूषण तपासणी होते. त्या प्रत्येक वेळी काट्याचा आकडा नोंदवून तो खुला केला, तर काटा मागे फिरवण्याचा धंदा आपोआप बसेल.

तोवर ही नोंदवही खरेदीदारालाच तयार करावी लागणार. सेवा केंद्राचे कागद, अॅपवरील माहिती, टायरचे साल, पेडलचे रबर आणि चढावरची एक फेरी यांची सांगड घातली की गाडीचा भूतकाळ बऱ्यापैकी उलगडतो. यांपैकी एखादी गोष्ट दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर रंग कितीही चकचकीत असो, दुसरी गाडी पाहावी. बाजारात गाड्यांची टंचाई नाही. त्या गाडीत जी सात माणसे बसणार आहेत, ती मात्र एकाच घरची असतात.